‘डोळा बाहेर काढून ठेवतात का हो?’

ऑपरेशनआधी रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून त्यांची भीती मोकळी करणं हे माझं काम, म्हणून हा प्रश्न मला वर्षानुवर्षे विचारला जातो आहे. विचारणारा आवाज बारीक करतो, दाराकडे बघतो आणि मगच बोलतो. कुणाला क्रिकेटचा चेंडू लागलेला असतो, कुणाला कबड्डीत कोपर. डोळ्याखालचं हाड मोडलेलं असतं, डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलेलं असतं आणि घर ‘थोडं थांबू’ म्हणत बसलेलं असतं. खाली सांगतो तो मुलगा एकच नाही. अशा अनेकांच्या बैठका एकत्र करून, ओळखीचे तपशील बदलून लिहितो आहे.

अमळनेर तालुक्यातला एकोणीस वर्षांचा कबड्डीपटू. पकड करताना चढाईपटूचा गुडघा डाव्या डोळ्यावर बसला. सूज उतरल्यावर वर पाहिलं की एकाचे दोन दिसायला लागले. गाल, वरचा ओठ आणि वरच्या हिरड्या बधिर. सीटी स्कॅनमध्ये डोळ्याच्या खोबणीची खालची बाजू फुटलेली आणि डोळा वर-खाली फिरवणाऱ्या स्नायूजवळचा भाग त्या भगदाडात ओढला गेलेला. दृष्टी मात्र चांगली होती. सर्जननी सांगितलं, सूज उतरू दे, पण इजेपासून दोन आठवड्यांच्या आत करून घेऊ.

वडील म्हणाले, “आखाजी होऊ द्या. आणि या उन्हात जखम पिकते. पाऊस पडला की बघू.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत हे वाक्य मी फार ऐकतो. त्यांना मी सरळ सांगितलं, “दादा, तुम्ही उन्हाला घाबरताय, पण खरा धोका कॅलेंडरचा आहे. जसजसे आठवडे जातात तसतसा अडकलेला भाग तिथेच चिकटत जातो, व्रण धरतो. मग तो सोडवणं अवघड होतं आणि दुहेरी दिसणं मागे राहण्याची शक्यता वाढते. घाम आणि धूळ सांभाळता येते, निघून गेलेला पंधरवडा परत येत नाही.” जखम चिघळते ती अस्वच्छतेने, तारखेने नव्हे. हे त्यांना पटलं, कारण ते शेतकरी होते. वाफसा गेल्यावर पेरणीचं काय होतं ते त्यांना मी शिकवायची गरज नव्हती.

मुलगा मात्र गप्प. “भीती वाटते का?” या प्रश्नाला कबड्डीपटू ‘नाही’ असंच उत्तर देतो. म्हणून मी तो प्रश्न विचारतच नाही.

“डोळे मीट. ऑपरेशनची खोली बघ. काय दिसतं?”

“लाइट. हिरवे कपडे.” बराच वेळ गेला. “ट्रे.”

“ट्रेमध्ये काय आहे?”

ओठ थरथरले. “माझा डोळा.”

कोपऱ्यातून त्याची आई पटकन म्हणाली, “तेच ना! डोया भाईर काढी ठेवतस, मंग परत बसाडतस, नही का?”

दोघं एकच चित्र आठवडाभर वेगवेगळं वागवत होती आणि एकमेकांपासून लपवत होती. माणूस शस्त्रक्रियेला क्वचितच घाबरतो. तो शस्त्रक्रियेच्या स्वतः काढलेल्या चित्राला घाबरतो. ते चित्र बाहेर आल्याशिवाय ‘धीर धर’ म्हणणं फुकट जातं. इतकी वर्षं हेच काम केल्यावर मला एवढं नक्की म्हणता येतं की ट्रे विचारायला हवा.

मग मी कागदावर धाब्याचं घर काढलं. डोळ्याच्या खोबणीची फरशी म्हणजेच गालाच्या पोकळीचं धाबं. हे हाड काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. दणका बसला की खोबणीतला दाब वाढतो आणि सगळ्यांत पातळ जागा खाली फुटते. भगदाडातून वरची चरबी, कधी स्नायू, खाली उतरतो. सर्जन खालच्या पापणीच्या आतल्या बाजूने किंवा पापणीच्या केसांलगत चीर देतात, पातळ पट्टीने डोळा अलगद वर तोलतात, खाली गेलेलं सोडवून वर घेतात आणि भगदाडावर टायटॅनियमची जाळी किंवा प्लॅस्टिकसारखा पातळ तुकडा बसवतात. डोळा आपल्या जागेवरच राहतो. त्याला जोडणारी नस, स्नायू, सगळं तसंच.

मुलाने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या बैठकीत दुसरी गाठ निघाली. “दृष्टी जाणार नाही याची ग्यारंटी द्या.”

ती मी देत नाही, प्रामाणिक सर्जनही देत नाहीत. हा धोका फार कमी आहे, शून्य नाही. शंभर टक्के खात्री हवीच, हा हट्ट धरला की छोटा धोकाही डोंगर होतो. मी त्याला म्हणालो, “खात्रीऐवजी काम घे.” ऑपरेशननंतर पहिल्या काही तासांत नर्स वारंवार बोटं मोजायला लावतात; झोप आली तरी उत्तर द्यायचं. डोळा पुढे ढकलल्यासारखा वाटून जोराची कळ आली किंवा अंधुक झालं, तर सकाळची वाट न बघता त्याच मिनिटाला सांगायचं; आत रक्त साचलं असेल तर लगेच मोकळं करावं लागतं. हातात काम आलं की भीती बसायला जागा शोधत नाही.

बाकीचं आम्ही तीनदा म्हणून घेतलं. पूर्ण भूल असते, म्हणून किती तास पोटात काही नको हे भूलतज्ज्ञ सांगतील ते काटेकोर पाळायचं; चहाचा घोटही लपवायचा नाही. तंबाखू बंद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगायची. उशी उंच. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून; नाहीतर पोकळीतली हवा डोळ्याभोवती शिरते आणि पापणी फुगते. हे साधारण दोन ते चार आठवडे, डॉक्टर सांगतील तोवर. दुहेरी दिसत असेल तोवर मोटारसायकल नाही. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारायचं.

लहान मुलांच्या पालकांना मात्र मी थांबून बोलतो. त्यांचं हाड लवचीक असतं. फुटून परत मिटतं आणि स्नायू चिमटीत धरतं. डोळा बाहेरून पांढरास्वच्छ दिसतो, पण मूल वर बघत नाही, उलट्या करतं, नाडी मंद होते. हे डोक्याच्या मारासारखं भासतं आणि दिवस वाया जातो. तिथे दोन आठवडे नाहीत, एक-दोन दिवसांत सोडवावं लागतं.

ऑपरेशन आखाजीच्या आधीच झालं. पहिले दिवस दुहेरी दिसणं आधीपेक्षा जास्त वाटलं; तसं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून घर हललं नाही. सहाव्या आठवड्यात आई-मुलगा आले तेव्हा समोर आणि खाली पाहताना एकच दिसत होतं, अगदी वर पाहिलं तरच दोन. डॉक्टरांनी दिलेले डोळा फिरवण्याचे व्यायाम चालू होते. ओठ अजून बधिर होता आणि आईला त्याचीच काळजी: पोऱ्याच्या तोंडून चहा ओघळतो, त्याला कळत नाही. ती नस सावकाश जागी होते, महिने लागतात, कुणाकुणाला थोडा बधिरपणा राहतोही. तोवर चहा जरा निवू द्या, एवढं तिला सांगितलं.

मुलाने मैदानाचं विचारलं. कबड्डीला किती दिवस, ते सर्जनच ठरवतील, पण तीन महिन्यांचा हिशेब मनाशी धर, असं म्हटल्यावर त्याने बोटांवर मोजलं. श्रावण येत होता.