डबा मधात ठेव

बेटा,

तुझी आई सांगत होती, तू फोनवर म्हटलं की जवसाची चटणी आता पाठवू नको, रूमवरच्या पोरींना असलं आवडत नाही. काहून गं? त्यांना एकदा तरी चाखायला दिली का, की डबा बॅगेतच दाबून ठेवला?

मी अमरावतीला होस्टेलवर होती तेव्हा हेच केलं होतं. डबा पेटीत, रात्री एकटीनं खायची, मग परीक्षा आली अन् राहूनच गेलं, दोन महिन्यांनी उघडला तर चटणी खवट. माझ्या आईनं उन्हात बसून निवडलेला जवस होता तो, मला अजून वाईट वाटते. जवसात तेल लय असते, वाटला की लवकर बिघडतो, म्हणून थोडी थोडीच कर. कोरड्या कढईत मंद आचेवर भाज, तडतड उडायला लागला की वर झाकण धर, पूर्ण थंड होऊ दे, गरम वाटला तर तेल सुटून गोळा होतो. मग सुकी मिरची, लसूण, जिरं, मीठ. उमरेडकडची कोणी मैत्रीण असली तर तिला भिवापुरी मिरची आणायला सांग, जीआय, म्हणजे त्या भागाचीच खास म्हणून सरकारी नोंद, मिळालेली आपल्याकडची मिरची आहे ती.

ठेचा मात्र ताजाच. हिरव्या मिरच्या, लसूण तव्यावर थोड्या तेलात काळे डाग पडेपर्यंत परत, भाजलेले शेंगदाणे अन् मीठ टाक, तिथंच तांब्याच्या बुडानं रगड. मिक्सर नको, पेस्ट होते त्याची, दाणा दाताखाली आला पाहिजे.

रविवारी सगळ्या रूमवर असल्या की खाली पेपर अंथरा, भाकर जमली तर भाकर, नाहीतर वरण-भात, काही बिघडत नाही. डबा सगळ्यांच्या मधात ठेव, चटणीवर कच्चं तेल सोड, कांदा बुक्कीनं फोड, ज्यांना तिखट लागेल त्यांना दही दे. अन् मोबाईल बाजूला ठेवा तेवढा वेळ. आपल्या घरी आबा शेतातून आले की सगळे एकाच टोपल्यातून भाकर घ्यायचे, ठेच्याची वाटी एकच, अन् कापसाचा भाव, कोणाची सोयरीक, कोणाचं भांडण सगळं तिथंच निघायचं. मला पुढं शिकवायचं हेही आबा तिथंच बोलले होते, हातात भाकरीचा तुकडा तसाच होता.

होळीला ये, तोवर नवा जवस निघालेला असेल. पोरींनी काय म्हटलं ते सांग, त्यांच्या वाटचाही भाजून ठेवते.

तुझी आत्या