मल्टिव्ह्यूअरवर सगळं स्वच्छ, ग्राहकाकडे मात्र चौकटी

तुमच्या केबल नेटवर्कवर मॉड्युलेटर (चॅनेल केबलच्या फ्रिक्वेन्सीवर चढवणारं यंत्र) बदलूनही रात्री आठ ते दहा त्याच दोन फ्रिक्वेन्सींवरच्या चॅनेलच्या चित्रात चौकटी पडतात आणि बाकी सगळं व्यवस्थित चालतं, असं तुम्ही लिहिलंय. यातच बरंचसं उत्तर आहे. लाइन किंवा अ‍ॅम्प्लिफायर खराब असता तर त्याने घड्याळ बघितलं नसतं.

आधी मल्टिव्ह्यूअरला, म्हणजे सगळे चॅनेल एकत्र दाखवणाऱ्या पडद्याला, सिग्नल कुठून दिलाय ते बघा. बहुतेक हेडएंडमध्ये (केबलच्या मुख्य केंद्रात) तो आयआरडीच्या, म्हणजे सॅटेलाइट रिसीव्हरच्या, आउटपुटवर असतो. त्यामुळे पुढे मक्स (चॅनेल एकत्र करणारं यंत्र) आणि स्क्रॅम्बलरमध्ये (चॅनेल कुलूपबंद करणारं यंत्र) काय बिघडतं ते त्याला दिसतच नाही. आणि डोळ्यांनी चित्र बघणं म्हणजे मॉनिटरिंग नव्हे, हे मी नव्या ऑपरेटरांना नेहमी सांगतो. डीव्हीबी-सीमध्ये, म्हणजे डिजिटल केबलच्या मानकात, रीड-सोलोमन हा चूकदुरुस्तीचा कोड २०४ बाइटच्या पॅकेटमधले ८ बाइटपर्यंत चुकलेले दुरुस्त करतो. तोवर चित्र अगदी सुंदर दिसतं, आणि नंतर एकदम कोसळतं. म्हणून दुरुस्तीआधीचा बीईआर (चुकलेल्या बिटांचं प्रमाण) बघायचा. तो २×१०⁻⁴ च्या आसपास गेला की आपण काठावर आलो. मॉड्युलेटरच्या आउटपुटला एमईआर (सिग्नलच्या स्वच्छतेचं माप) ४० डीबीच्या खाली असेल तर मी तो चॅनेल तसा सोडत नाही.

पण तुमच्याकडे मला आरएफचा (केबलवरच्या सिग्नलचा) नाही, बिटरेटचा (दर सेकंदाच्या डेटाचा) संशय आहे. ६४ क्यूएएम मॉड्युलेशन आणि ६.८७५ मेगासिम्बॉल प्रतिसेकंद सिम्बॉल रेटवर एका फ्रिक्वेन्सीत साधारण ३८ एमबीपीएस मावतात. सॅटेलाइटवरचे बरेच चॅनेल व्हेरिएबल बिटरेटचे असतात. मूळ ट्रान्सपॉन्डरवर (सॅटेलाइटवरच्या प्रक्षेपकावर) त्यांची बेरीज सांभाळलेली असते, एक फुगला की दुसरा आवळला जातो. आपण मात्र चार ट्रान्सपॉन्डरवरचे चॅनेल उचलून एकत्र बसवतो आणि तो हिशेब मोडतो. दुपारी चालून जातं. प्राइम टाइमला चारही एकदम फुगले की मक्स पॅकेट टाकून देतो.

हे सिद्ध करणं सोपं आहे. टीआर १०१ २९० या मानकातल्या तपासण्या दाखवणारा कुठलाही अ‍ॅनलायझर घ्या आणि मक्सच्या आधी व नंतर, दोन्हीकडे सीसी एरर (पॅकेटांचा क्रम तुटल्याच्या नोंदी) मोजा. सोबत पीआयडी ८१९१, म्हणजे नल (रिकाम्या, जागा भरणाऱ्या) पॅकेटांचा वाटा नोंदवा. इनपुट स्वच्छ, आउटपुटला एरर आणि त्याच क्षणी नल शून्यावर, असं दिसलं की मक्स ओसंडतोय यात शंका नाही. मग प्रत्येक फ्रिक्वेन्सीवरचा एकेक जड चॅनेल दुसरीकडे हलवा. २५६ क्यूएएम केलं तर सुमारे ५०.७ एमबीपीएस मिळतील, पण त्याला जवळपास ६ डीबी जास्त एमईआर लागतो. जुन्या नेटवर्कवर ते धाडस करू नका.

डिशचं मार्जिन (सिग्नलची शिल्लक ताकद) मात्र स्वतंत्र नोंदवत राहा. मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या आसपास सूर्य सॅटेलाइटच्या मागे आला की काही मिनिटं ते पडतंच, त्यासाठी एलएनबी (डिशवरचा सिग्नल पकडणारा भाग) बदलायला धावू नका. पण जवळ ५जी टॉवर उभा राहिल्यापासून सी-बँडचं मार्जिन कायमचं खाली गेलं असेल, तर एलएनबीच्या आधी बँडपास फिल्टर लावा.

आज रात्री साडेसातलाच अ‍ॅनलायझरचं रेकॉर्डिंग सुरू करा. मक्सच्या इनपुटलाच सीसी एरर दिसल्या, तर मधला स्विच तपासा. आयजीएमपी स्नूपिंग (हवा तो प्रवाह हव्या त्याच पोर्टला देणारी स्विचची सोय) बंद असलं की सगळा मल्टिकास्ट डेटा प्रत्येक पोर्टवर ओतला जातो आणि लक्षणं अगदी अशीच दिसतात.