विमान तासभर आधीच येऊन उभं असतं, मग सुटायला उशीर का?

तुमचा प्रश्न असा: गेटच्या काचेतून विमान वेळेवर लागलेलं दिसलं, आधीचे प्रवासी उतरताना दिसले, तरी तुमचं उड्डाण पाऊण तास उशिरा सुटलं. मधल्या वेळात चालतं काय?

चाकांना अडकण, म्हणजे चोक, लागले की विमान 'आलं' आणि चोक काढून ते हललं की 'सुटलं'. धावपट्टीवरच्या वेळा वक्तशीरपणाच्या हिशेबात येत नाहीत. या दोन चोकांमधल्या कामाला टर्नअराउंड म्हणतात. १८० आसनांच्या एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ अशा छोट्या विमानाला साधारण ३० ते ४५ मिनिटं धरतात, लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाला दीड-दोन तास. आणि १५ मिनिटांच्या आतला उशीर बहुतेक आकडेवारीत 'वेळेवर'च मोजला जातो.

विमानाची डावी बाजू प्रवाशांची, उजवी कामाची. एरोब्रिज डावीकडे लागतो. सामानाच्या डब्यांचे मोठे दरवाजे आणि खाण्याच्या गाड्या उजवीकडे. म्हणून गेटवरून पाहणाऱ्याला विमान नुसतंच उभं आहे असं वाटतं.

आतली कामं एकामागून एकच होतात: उतरणं, सफाई, केबिनची सुरक्षा तपासणी, मग चढणं. एका दरवाजातून १८० जण उतरायला आठ-दहा मिनिटं लागतात, चढायला मात्र वीस-पंचवीस. कारण एक माणूस बॅग वर ठेवायला थांबला की मागची सगळी रांग थांबते. त्यातून वरचे कप्पे भरले, तर शेवटच्या प्रवाशांच्या बॅगा टॅग लावून खाली पाठवाव्या लागतात आणि तेवढा आकडा वजनाच्या हिशेबात बदलावा लागतो. माझ्या मते छोट्या विमानांची सर्वाधिक मिनिटं इथेच जातात, पण दोष बहुतेक वेळा वैमानिकाला मिळतो.

बाहेर इंधन भरणं हे दिसायला सोपं काम. वैमानिक किलोत मागतो, मीटर लिटर दाखवतो. जेट इंधनाची घनता लिटरला साधारण ०.८ किलो, म्हणजे ६,००० किलोसाठी सुमारे ७,५०० लिटर. तापमानाप्रमाणे घनता बदलते, म्हणून हा ताळा दर वेळी जुळवावाच लागतो. १९८३ मध्ये कॅनडात एका बोइंग ७६७च्या बाबतीत किलोऐवजी पाउंडाचा गुणक लावला गेला आणि विमान हवेत असतानाच इंधन संपलं. गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर ते इंजिनांशिवाय उतरवावं लागलं. प्रवासी आत असताना इंधन भरायचं असेल, तर सीट बेल्ट सोडून बसायला सांगतात आणि बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या ठेवतात.

खरा खोळंबा होतो तो 'बॅग आली, माणूस नाही' या प्रकारात. चेक-इन करून गेटवर न आलेल्या प्रवाशाचं सामान आंतरराष्ट्रीय उड्डाणात तसंच नेता येत नाही. १९८५ मध्ये एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात बॉम्ब असलेली बॅग चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. ३२९ जण गेले. त्यामुळे ती एक बॅग शोधून काढावीच लागते. बॅगा सुट्ट्या रचलेल्या असतील तर ती नेमकी आतल्या टोकाला निघते, मग आधी पन्नास बाहेर, नंतर पन्नास पुन्हा आत. दहा-पंधरा मिनिटं सहज गेली.

हे मिटल्यावर लोडशीटचे, म्हणजे वजनाच्या तक्त्याचे, आकडे पक्के होतात: प्रवासी, सामान, इंधन, गुरुत्वमध्य. त्यावरून वैमानिक शेपटीचा ट्रिम, म्हणजे तोल राखणारा कोन, लावतो. घाईत उतरून लगेच निघणाऱ्या विमानाचे ब्रेकही आडवे येतात. ए३२०मध्ये ते ३०० अंश सेल्सिअसच्या वर असतील तर उडता येत नाही, निवेपर्यंत थांबायचं.

पुशबॅक करताना, म्हणजे विमान गेटपासून मागे ढकलताना, पुढच्या चाकाचं सुकाणू एका पिनेने मोकळं केलेलं असतं. ढकलून झाल्यावर हेडसेटवाला, म्हणजे वैमानिकाशी बोलणारा जमिनीवरचा कर्मचारी, ती काढतो, बाजूला जाऊन उभा राहतो आणि तिची लाल फीत वैमानिकाला दिसेल अशी हात उंच करून दाखवतो. पिन दिसल्याशिवाय विमान स्वतःहून पुढे जात नाही.

एवढं सगळं जमलं तरी उड्डाणाचा स्लॉट, म्हणजे उडायला नेमून दिलेली वेळ, हुकलेला असू शकतो. युरोपात दिलेल्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंतच उडायची मुभा असते. ती गेली की नवा स्लॉट मागायचा, आणि गर्दीच्या वेळी तो केव्हाचा मिळेल याला धरबंध नाही. तुमच्या पाऊण तासाचं कारण बहुधा असंच काहीतरी असणार: दहा मिनिटं बॅगेत गेली, उरलेली स्लॉटच्या रांगेत.

छोटं विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या करतं, त्यामुळे सकाळचा उशीर रात्रीपर्यंत वाहत जातो. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या उशिराच्या कारणांच्या यादीत यासाठी वेगळा क्रमांक आहे, ९३: विमान आधीच्या फेरीवरूनच उशिरा आलं. कर्मचाऱ्यांच्या कामाचे कायदेशीर तास त्यात संपले, तर नवे कर्मचारी येईपर्यंत विमान जागचं हलत नाही. म्हणून निवड हातात असेल तर दिवसाची पहिली फेरी घ्या. ते विमान बहुतेक वेळा रात्रीपासून तिथेच उभं असतं.