रिजेक्शन स्लिप लिहिण्याआधी

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्याच्या क्वालिटी विभागात लागलीस, हे ऐकून फार आनंद झाला. माझं उभं आयुष्य ज्या कारखान्यात गेलं तो आता बंद आहे, पण होता तुझ्याच भागात. लोखंड वितळवून साच्यात ओतायची फौंड्री आणि ते कापून-घासून नेमकं करायचं मशिन शॉप एकाच आवारात, मधे फक्त एक भिंत. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना काम केल्यामुळे तुला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेला भाग, नापास करायच्या आधी ते जिथे ओतलं तिथे जाऊन ये.

वरून स्वच्छ दिसणारा जॉब, म्हणजे तो भाग, लेथवर पहिला कट घेतला की उघडा पडतो. आत भोक. स्लिपवर ‘ब्लोहोल’ लिहून मोकळं होता येतं, पण त्यानं फौंड्रीतल्या माणसाला काहीच कळत नाही. भोक नीट बघ. आतून गुळगुळीत, चकचकीत असेल तर तिथे वायू अडकला होता. खडबडीत आणि रेतीचे कण असतील तर साचा ढासळला. जाड भागात वेडंवाकडं, दातेरी असेल तर लोखंड थिजताना आकसलं आणि रायझरमधून, म्हणजे साच्याला जोडलेल्या जादा लोखंडाच्या साठ्यातून, भर पोचली नाही. पातळ कडेला कापणाऱ्या टूलची टिप उडत असेल, तर तिथे लोखंड लवकर थंड होऊन पांढरं आणि कडक झालंय.

वायूचं प्रकरण आपल्याकडे पावसाळ्यात वाढतं. बेळगावचा आषाढ तुला माहीत आहेच. साच्याच्या रेतीत ओल साधारण तीन-चार टक्के लागते, शेडमध्ये नुसती पडून राहिली तरी ती वाढते. मग ओतताना वाफ धरते आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. आमच्याकडे येळ्ळूरहून सायकलनं येणारे एक म्हातारे मोल्डर, साचे भरणारे, होते. मूठभर रेती दाबायचे, तिचे दोन तुकडे करायचे, कडा धारदार राहिल्या आणि तळवा कोरडा राहिला तरच साचा भरायला घ्यायचे. वायू बाहेर जायला साच्यात व्हेंटची भोकं पाडणारी सळी मारताना त्यांचा हात कधी घाईत दिसला नाही. पुढे ओल मोजायचं यंत्र आलं तेव्हाही पोरं आधी त्यांच्याकडे मूठ घेऊन जायची. त्यांनी ते कुठे लिहून ठेवलं नाही, आणि आम्हीही विचारून लिहून घेतलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्याकडे असे कुणी असतील. वही घेऊन जा.

हीटच्या, म्हणजे लोखंड वितळवायच्या, दिवशी कपोल्याजवळ, त्या कोकच्या उभ्या भट्टीजवळ, उभी राहायची संधी आता मिळेलच असं नाही, बहुतेकांकडे विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस आली. आम्ही चाचणीसाठी लोखंडाची छोटी पाचर ओतून मोडायचो आणि टोकाची पांढरी, कडक पट्टी किती खोल गेली ते बघून ती कमी करायला लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, फेरोसिलिकॉन टाकायचो. आता स्पेक्ट्रोमीटर मिनिटात कार्बन-सिलिकॉन सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेव. पण तुझा नापास जॉब ओळीत कितवा होता ते तो सांगत नाही. लॅडलमधलं लोखंड शेवटच्या साच्यापर्यंत जाता जाता थंड होतं. तिथल्या जॉबवर दोन प्रवाह न जुळल्याची रेघ दिसली तर फर्नेसवाल्यालाच विचार.

विचारताना आवाज साहेबांचा नको. निम्मे लोक कन्नड बोलणारे असतील; ‘याक हिंग आत री?’ (असं का झालं हो?) एवढं आलं तरी समोरचा हातातलं काम ठेवून सांगायला लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये कारखाना काढायला कुंडलच्या माळावर गेले, पण त्यांचे लोखंडी नांगर आधी इथे, बेळगावातच, तयार झाले. तेव्हापासून या गावातल्या घराघरांत हे ज्ञान आहे.

आणि नॉकआउट (साचा फोडून जॉब काढणं) किंवा फेटलिंगला (जॉब घासून साफ करणं) जाताना मास्क लाव, रुमाल नव्हे. आमच्याकडे रुमालच असायचे. सिलिकाची धूळ फुप्फुसात एकदा बसली की निघत नाही, सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. ग्राइंडरवर बसणाऱ्यांना मास्क मिळतात का तेही बघ, नसतील तर तू बोल. नवी आहेस म्हणून गप्प राहू नकोस.

खंडेनवमीला घरी येशीलच. येताना दोन-तीन नापास जॉब कापलेल्या बाजूनं फोटो काढून आण, कितव्या साच्यातले होते तेवढं मागे लिही. बसून बघू.

तुझे,
काका