दाढ दुखते, पण त्या खुर्चीत बसवत नाही

"आधीच अख्खं अंग ठणकतंय, त्यात दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आणखी दुखणं कशाला विकत घेऊ?" वर्षानुवर्षं अंगदुखी सोसणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. उत्तर म्हणून एका ताईंची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

ताई पंचेचाळिशीच्या. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर असतात. फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर सतत दुखत राहणाऱ्या आजाराचं, निदान होऊन काही वर्षं झालेली. या आजारात रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे बहुधा नॉर्मल येतात. बिघाड असतो तो मज्जासंस्था आणि मेंदू वेदनेचे संदेश हाताळतात त्यात, म्हणून साधा दाबसुद्धा ठणका देऊन जातो. पण रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर घरचे "सोंग करते" म्हणायला मोकळे. एका दातांच्या दवाखान्यातही त्यांना ऐकावं लागलं, "एवढंसं इंजेक्शन, त्याला किती घाबरता!" त्या पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. किडलेली दाढ मिश्री लावून बधिर करायच्या, नाहीतर लवंगेच्या तेलाचा बोळा धरायच्या. कडक भाकरी आमटीत कुस्करून एकाच बाजूनं चावायच्या, की त्या बाजूचा जबडा आखडून मान धरायची.

मी विचारलं, "भीती कशाची वाटते, सुईची?"

"सुईचं काय नाय मॅडम, मशीनवर बोटात किती वेळा घुसलीय. मान मागं टाकून तासभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोन दिवस उठवत नाही. आणि सांगितलं तर खरं कोण मानतंय?"

अशा माणसाला "घाबरू नका" म्हणणं मला पटत नाही. त्यांची भीती अनुभवातून आलेली होती, हिशोबाला धरून होती. मग आम्ही दोघी हिशोबच मांडायला बसलो.

आधी एक चिठ्ठी लिहिली. निदान काय, गोळ्या कोणत्या, कशानं दुखणं वाढतं, एवढंच. गोळ्या लिहिताना एक गोष्ट निघाली. अंगदुखीवर रात्री घ्यायच्या अ‍ॅमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं, आणि लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. कोरड घालवायला ताई दिवसभर लिंबाच्या गोड गोळ्या चघळत होत्या! बधिर करायच्या इंजेक्शनात बऱ्याचदा अ‍ॅड्रेनलिन असतं, या गोळीसोबत त्यानं रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे या गोळीची माहिती दंतवैद्याला आधी असलीच पाहिजे. गोळी मनानं बंद मात्र करायची नाही.

मन शांत करायला हातपाय आवळून सैल सोडायचा व्यायाम बरेचजण शिकवतात. अशा रुग्णांना मी तो देत नाही, आवळलेला स्नायू कधीकधी सुटण्याऐवजी पेटून उठतो. लांब उच्छ्वास पुरतो. ताईंनी तो घरी सतरंजीवर आडवं होऊन, मानेखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन घटवला. गुंडाळी केवढी जाड लागते तेही त्यातच कळलं.

मैत्रिणीच्या ओळखीनं जुळे सोलापुरात एक दंतवैद्य मिळाल्या. पहिल्या भेटीत फक्त बोलायचं, तोंडात काही घालायचं नाही, असं फोनवरच ठरवून घेतलं. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून विचारलं, "मान कुठल्या बाजूला जास्त धरते?" परत आल्यावर ताईंनी मला सगळ्यात आधी हेच वाक्य सांगितलं. माझ्या मते निम्मं काम तिथंच झालं होतं.

रूट कॅनाल एका दमात न करता छोट्या बैठकांत झालं. सकाळी अंग जखडलेलं असतं म्हणून वेळ अकरानंतरची घेतली. खुर्ची पूर्ण आडवी केली नाही, गुडघ्याखाली उशी घेतली, एसीचा गारठा सोसत नाही म्हणून अंगावर घरची चादर. तोंड उघडं धरायचा ताण जबड्यावर येऊ नये म्हणून दातांमध्ये रबरी ठोकळा ठेवला. डावा हात वर केला की थांबायचं, हेही ठरलेलं. ताईंनी हात दोनदाच वर केला. त्यातला एक, डॉक्टर खरंच थांबतात का ते बघायला.

दुसऱ्या दिवशी अंग दुखलंच. दुखणार हे धरूनच सुट्टी टाकली होती, आणि जूनच्या गणवेशांची घाई सुरू व्हायच्या आत हे सगळं उरकायचं होतं. संध्याकाळपर्यंत त्या स्वयंपाकाला उभ्या राहिल्या.

एक मात्र लक्षात ठेवा. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर ही सगळी तयारी करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ताईंच्या दाढेवर आता कॅप बसलीय, लिंबाच्या गोळ्यांची जागा पाण्याच्या बाटलीनं घेतलीय. मिश्री अजून सुटलेली नाही. सध्या आमचं बोलणं तिच्यावरच चालू आहे.