शंका-समाधान : औषध अंगात जाते कुठे?

प्रश्न : माझा भाचा औषध-संशोधनात आहे. नव्या औषधाला ‘कार्बन-१४ लावून’ ते उंदरांना देतात, असे तो म्हणाला. अशाने औषध मूळचे राहते का? परळला माझा पेट स्कॅन झाला, तसाच स्कॅन करून हे का पाहत नाहीत?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ‘लावून’ या शब्दाने थोडा घोटाळा होतो. औषधाला बाहेरून काही चिकटवत नाहीत. रेणूतल्या एखाद्या साध्या कार्बन अणूच्या जागी कार्बन-१४ (कार्बनचाच किरणोत्सारी प्रकार, म्हणजे औषधाचा माग काढण्याची खूण) येईल अशा रीतीने तो रेणूच नव्याने घडवतात, आणि दोन्ही अणूंचे रासायनिक वर्तन जवळजवळ सारखे असल्याने औषधाचा गुण बदलत नाही.

खरी मेख वेगळीच आहे. उपकरणाला दिसतो तो अणू, औषध नव्हे. खुणेचा अणू रेणूच्या कडेच्या मिथिल गटात (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंच्या लहान गटात) बसवला आणि यकृताने तो गट तोडला, तर खूण कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जाते आणि उरलेले औषध बिनखुणेचे फिरत राहते. म्हणून ती सहसा न तुटणाऱ्या गाभ्यात, बहुधा अणूंच्या एखाद्या वलयात, बसवतात; तरीही मूत्रात सापडलेली खूण मूळ औषधाची की त्याच्या चयापचयातून झालेल्या पदार्थाची, हे वेगळे तपासावेच लागते.

आता स्कॅनविषयी. कार्बन-१४ मधून निघणारे बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) मांसात मिलिमीटरभरही जात नाहीत, त्यामुळे बाहेरून काहीच टिपता येत नाही. म्हणून औषध दिल्यावर ठरावीक वेळांनी उंदीर मारून गोठवतात, त्याचे आडवे नव्हे तर डोक्यापासून शेपटीपर्यंतचे उभे पातळ काप काढतात आणि ते किरणोत्साराला संवेदनशील पटलावर ठेवून प्रतिमा मिळवतात. यासाठी काळ्या डोळ्यांचे उंदीरही मुद्दाम घेतात, कारण काही औषधे डोळ्यातल्या मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याला धरून बसतात आणि पांढऱ्या उंदरात ते कळतच नाही. माणसात अर्थातच रक्त, मूत्र आणि विष्ठेतील खूण मोजण्यावर भागवावे लागते.

पेट स्कॅन अंगातल्या किरणोत्सारी खुणेमुळे शरीराबाहेर येणारी किरणे टिपतो, म्हणून त्याने जिवंत माणसाच्या मेंदूतही औषध पोचले का, हे दिसते. परंतु त्यासाठी लागणाऱ्या कार्बन-११ चा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ) सुमारे २० मिनिटे आणि फ्लोरिन-१८ चा सुमारे ११० मिनिटे असतो, म्हणूनच परळच्या विकिरण वैद्यक केंद्रासारख्या ठिकाणी असे अणू तयार करणारा सायक्लोट्रॉन हाताशी लागतो. आठवडाभर ऊतींत रेंगाळणाऱ्या औषधाचा माग या अल्पायुषी अणूंनी लागत नाही. शिवाय मूळ रेणूत फ्लोरिन नसेल आणि तो घातला, तर मात्र तुमची पहिली शंका रास्त ठरते : तो रेणू निराळाच होतो.