इचलकरंजीतल्या परप्रांतीय म्हाताऱ्या कामगारांसाठी गल्लीनं काय करावं?

यंत्रमागावर उमर घालवलेले यूपी-बिहारचे चाचा आता थकलेत, मुलं गावाकडं, तर शेजाऱ्यांनी नेमकं काय करायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

डबा पोचवणं चांगलंच, पण माझ्या मते आधी कागदपत्रं. वय 70 झालं की उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड निघतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. आधारवर वय चुकलं असेल तर मात्र इथंच घोडं अडतं. गावाकडच्या रेशनकार्डावर धान्य इथल्या दुकानातही मिळतं. बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, म्हातारा हात हलवत परत येतो. म्हणून सोबत एखादा तरणा पोरगा हवाच. श्रावणबाळ योजनेला, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनला, राज्यात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. भाड्याच्या खोलीतल्या माणसाकडं तो कुठला? मतदार यादीतलं जुनं नाव, पोरांचे शाळेचे दाखले आत्ताच शोधायला लागा.

हे काम तालमीनं किंवा मंडळानं अंगावर घ्यावं. गणपतीच्या वर्गणीला घर न घर ठाऊक असलेली पोरं महिन्यातून एक रविवार देऊ शकतात की! मालकांकडनं पैशाची अपेक्षा फार ठेवू नका, पण औषधापुरतं मागायला लाजूही नका.

कोल्हापूरला सीपीआरमध्ये, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, नेताना भोजपुरी समजणारा कुणीतरी बरोबर घ्या, नाहीतर डॉक्टरांना अर्धंच कळतं. आणि घरात कुणी एकटं, टाकलेलं दिसलं तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.